वीस महिन्यांचं लेकरू, सेरेब्रल पाल्सी आणि दोन एकर रान

प्रश्न गंगाखेडकडच्या एका मामांचा आहे, थोडक्यात असा: "बहिणीचा मुलगा वीस महिन्यांचा आहे. सातव्या महिन्यातच झाला, दीड किलोसुद्धा भरला नव्हता, तीन आठवडे काचेत होता. अजून आधाराशिवाय बसत नाही, उभं धरलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात आणि चवड्यावरच राहतो. हाताने खेळणं धरतो, हसतो, मला ओळखतो. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी सांगितलंय. दाजी दोन एकर विकून स्टेम सेल करायचं म्हणतात. बहिणीच्या सासूचं म्हणणं हिने ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं. बरा होईल का, आणि आम्ही करायचं काय?"

दादा, आधी रानाचं बोलू, कारण तिथं घाई चाललेली दिसतेय. विकू नका. आपल्या देशात स्टेम सेलचे, म्हणजे मूळ पेशी टोचून करायच्या उपचाराचे, २०१७ चे सरकारी नियम आहेत, त्यात रक्ताच्या काही आजारांसारख्या मोजक्या गोष्टी सोडल्या तर बाकी आजारांवर स्टेम सेल देणं हा अजून प्रयोगच धरलाय, आणि सेरेब्रल पाल्सी त्या बाकीच्यात येते. रीतसर नोंदवलेला प्रयोग असेल तर त्यात पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे कुणी लाखांचं पॅकेज सांगत असेल तर तिथंच समजून घ्या. मी लातूरला एकोणीस वर्षं लहान लेकरांची फिजिओथेरपी करते, माझ्याकडं अशी घरं आलीयत की ज्यांनी आधी तिकडं पैसा ओतला आणि मग पायाच्या स्प्लिंटला, म्हणजे घोटा सरळ धरून ठेवणाऱ्या साच्याला, पैसे नाहीत म्हणून सहा सहा महिने थांबले, आणि त्या सहा महिन्यांत लेकराची पोटरी इतकी आखडली की टाच खाली टेकेना. पैसा गेला त्याचं एक दुःख, पण तो वेळ गेला त्याचं मला जास्त वाटतं.

आता बरा होईल का. सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला अगदी लहानपणी इजा होऊन हालचाल आणि तोल बिघडणं. मेंदूला जी इजा झाली ती झाली, तेवढी जागा परत भरून येत नाही, आणि त्यावर औषध निघालेलं नाही. हे मी आईबापाला पहिल्याच भेटीत सांगते, कारण न सांगता ठेवलं की ते दवाखाने फिरत राहतात. पण याच वाक्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही, ती इजा वाढतही नाही. जिथं आहे तिथंच राहते. लेकरू मात्र वाढतं, हाड लांब होतं, ताठ असलेला स्नायू त्या वेगाने लांब होत नाही, मग गुडघा वाकतो, टाच उचलते, खुब्याचा सांधा सरकतो, आणि घरचे म्हणतात आजार वाढला. आजार नाही वाढला, शरीराकडं बघायचं राहून गेलं. (हां, एक गोष्ट लक्षात ठेवा, लेकरू आधी करत होतं ते विसरायला लागलं, बसत होतं ते बसेना, बोलत होतं ते बोलेना, तर ती साधी सेरेब्रल पाल्सी नसू शकते, तेव्हा मेंदूच्या डॉक्टरला लगेच दाखवायचं.)

सासूबाईंना काय सांगायचं तेही लिहिते, कारण बहिणीच्या डोक्यावरचं ते ओझं उतरल्याशिवाय तिच्याकडून काही होणार नाही. ग्रहणाचा आणि याचा काडीचाही संबंध नाही. सातव्या महिन्याच्या लेकराच्या मेंदूत मधोमध पाण्याच्या पोकळ्या असतात, आपल्या सगळ्यांच्याच असतात, त्यांच्या कडेचा भाग त्या दिवसांत फार नाजूक असतो, रक्तपुरवठा जरा कमीजास्त झाला की तिथं मार बसतो. आणि पायांकडं जाणाऱ्या मज्जातंतूंच्या वायरी नेमक्या त्या पोकळ्यांना चिकटून जातात, हातांच्या जरा लांबून. म्हणून दिवस न भरलेल्या लेकरांत पाय ताठ आणि हात बऱ्यापैकी, असं चित्र दिसतं. तुमच्या भाच्याचं तुम्ही लिहिलेलं वर्णन हुबेहूब तेच आहे, याला स्पॅस्टिक डायप्लेजिया म्हणतात. मी त्याला बघितलेलं नाही, तपासल्याशिवाय ठाम सांगणार नाही, पण यात आईची चूक कुठंच बसत नाही.

डॉक्टरने बाळंतपणात घोटाळा केला असंही लोक म्हणतात. १८६१ मध्ये लंडनच्या डॉ. विल्यम लिटल यांनी या आजाराचा संबंध अवघड बाळंतपणाशी लावला आणि तो समज आजतागायत चाललाय. पण त्याच शतकात सिग्मंड फ्रॉइड यांनी, हो तेच मनोविकारांचे, शंका काढली होती की पुष्कळ लेकरांत गडबड पोटातच झालेली असावी, आणि पुढे अभ्यासातून तेच दिसत गेलं. जन्मताना गुदमरणं हे कारण आहे, पण ते थोड्याच लेकरांत. दिवस न भरणं, वजन कमी, आईला इन्फेक्शन, जन्मानंतरची जास्तीची कावीळ, साखर घसरणं, मेंदूज्वर, अशी कारणं भरपूर आहेत आणि कित्येक वेळा एकही हाताला लागत नाही.

आपल्या भागाचं एक बोलल्याशिवाय राहवत नाही. बीड, परभणीकडच्या ज्या बाया पोटुशी असताना कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात, त्यांची तपासणी गावाला राहते आणि त्या फडात राहतात. रक्त कमी, मोळी डोक्यावर, आणि पोटात दुखायला लागलं की जवळ जो दवाखाना असेल तो. कळा लवकर सुरू झाल्या तर आईला वेळेत दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन बाळाची फुफ्फुसं तयार करतं आणि मॅग्नेशियम सल्फेट दिलं तर बाळाला सेरेब्रल पाल्सी व्हायचा धोका कमी होतो. पण हे दोन्ही मिळायला बाई दवाखान्यात वेळेत पोचावी लागते. तुमच्या गावात कुणी असं जाणारं असेल तर आशाताईला सांगून आधीच कार्ड, फोन नंबर, जवळचा लहान बाळांचा अतिदक्षता विभाग असलेला दवाखाना, एवढं तरी त्यांच्या हातात द्या.

आता चालेल का. एक आधी करा, भाच्याचं वय वीस महिने धरू नका. सातव्या महिन्याचं लेकरू, जेवढं लवकर आलं तेवढे महिने वजा करायचे, म्हणजे साधारण अठरा. हाताच्या बोटावर मोजायचा हिशोब आहे पण तो न केल्यामुळे आईबाप नाहक घाबरतात. मग बघायचं ते बसणं. दोन वर्षांच्या आत जी लेकरं स्वतःची स्वतः बसायला लागतात त्यातली बहुतेक पुढे चालतात, कुणी असंच तर कुणी वॉकर, काठी धरून. म्हणून मी लोकांना म्हणते उभं करायचा नाद जरा बाजूला ठेवा, बसवा. सगळे पायाकडं बघत असतात हो, आणि लेकराचं धड मात्र पिशवीसारखं लुळं.

डॉक्टर जीएमएफसीएस म्हणून हालचालीचं पाच पायऱ्यांचं एक मोजमाप सांगतील, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या लोकांनी १९९७ मध्ये केलेलं. पहिल्या पायरीचं लेकरू धावतंही, फक्त तोल जरा कमी, आणि पाचव्या पायरीच्या लेकराला मानही सावरता येत नाही. पायरी विचारून घ्या, फाइलीवर लिहून घ्या. तिचा उपयोग असा की पुढची पाच-दहा वर्षं कशाची तयारी करायची ते कळतं. हालचालीच्या बाबतीत जे काही जमायचं त्यातलं नव्वद टक्के साधारण पाच वर्षांच्या आत जमून जातं, पायरी चौथी-पाचवी असेल तर त्याच्याही आधी. म्हणून घाई करायची तर ती आत्ता करायची, पण रान विकायची नाही.

मी जे खरं सांगायला बसलेय ते आता लिहिते. फिजिओथेरपी म्हणजे माझ्याकडचा तास नव्हे. आठवड्यातून दोन तास माझ्याकडं आणि बाकीचा वेळ घरी, त्या बाकीच्या वेळात लेकरू कसं बसतं, कसं खातं, कडेवर कसं असतं, कशाशी खेळतं, त्यावर सगळं ठरतं. सुरुवातीची चार-पाच वर्षं मी स्वतः उलटं करत होते, लेकराला टेबलावर घ्यायचं आणि पाय ताणायचे, ते किंचाळायचं, आई दाराबाहेर डोळे पुसत उभी असायची, आणि मला वाटायचं मी लई मेहनत घेतेय. आता कळतं की दुसऱ्याने ताणून दिलेला पाय संध्याकाळपर्यंत परत होता तिथं येतो. लेकराने स्वतः काहीतरी मिळवण्यासाठी केलेली हालचाल टिकते. खेळणं एक वीत लांब ठेवा आणि त्याला वाकून घेऊ द्या, हात पुढे टेकून. दहादा घेऊ द्या. ती थेरपी आहे. मालिश करायची तर करा, लेकराला बरं वाटतं, आईचा हात लागतो, पण मालिशने चालायला येत नाही, आणि महागडं तेल तर मुळीच घेऊ नका.

बसायची खुर्ची घरी होते. मागच्या साली मानवतकडचे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, सुतारकाम करायचे. मी त्यांना कागदावर नुसतं चित्र काढून दिलं. तिसऱ्या दिवशी ते बाभळीच्या फळ्यांची खुर्ची डोक्यावर घेऊन बसने आले. पाठ सरळ, बसायची फळी लेकराच्या मांडीएवढीच लांब, गुडघे काटकोनात, पायाखाली पाटी ठोकलेली म्हणजे तळवे पूर्ण टेकतील, मांड्यांच्या मधे एक गोल लाकूड कापडाने गुंडाळलेलं म्हणजे पाय कात्री होणार नाहीत, कमरेला धोतराचा पट्टा, आणि पुढे कापून काढलेली ताटाएवढी फळी. पोराला बसवलं. पहिल्यांदा त्याचे दोन्ही हात मोकळे झाले, कारण आतापर्यंत ते पडू नये म्हणून धरण्यात जात होते. त्याने त्या फळीवर चापट मारली. मग परत मारली. आजोबा काही बोलले नाहीत, खिशातली पट्टी काढून पायाच्या पाटीचं माप पुन्हा घेत बसले. तुम्ही लिहिलंय लेकरू हाताने धरतं, म्हणजे तुमच्याकडं अशी खुर्ची पहिली करा.

कडेवर घेताना पाय आपल्या कमरेच्या दोन्ही बाजूंना येतील असंच घ्या, आपल्याकडच्या बाया घेतात तसं. यात पाय आपोआप उघडतात आणि खुबा जागेवर राहायला मदत होते. पाळण्यासारखं आडवं घेऊन फिरवायचं बंद करा. आणि जत्रेतून आणलेला तो चाकांचा गोल वॉकर असेल तर देऊन टाका कुणाला नाही तर मोडा, त्यात लेकरू चवड्यावरच ढकलत राहतं, नको ती सवय पक्की होते. उभं करायचं असेल तर स्प्लिंट घालून, टाच टेकवून, पाय फाकवून, टेबलाला किंवा ओसरीच्या कट्ट्याला टेकवून खेळवत. अंगणात दोन बांबू आडवे बांधले तर त्याच्यात धरून चालायची सवय पुढे लावता येते, फार खर्च नाही.

खुब्याबद्दल वेगळं सांगते कारण हे हमखास राहून जातं. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण तीनातल्या एका लेकराचा खुबा सांध्यातून हळूहळू बाहेर सरकतो आणि सुरुवातीला दुखत नाही, दिसत नाही, लेकरू काही सांगू शकत नाही. चालणाऱ्यांत कमी, न बसणाऱ्यांत फार जास्त. ते कळायला एकच उपाय, खुब्याचा साधा एक्स-रे. पहिला आत्ताच काढा, पुढे किती महिन्यांनी ते हाडांच्या डॉक्टरला विचारा. वेळेत कळलं तर छोट्या ऑपरेशनवर भागतं. उलट एमआरआय एकदा झाला असेल तर दर वर्षी काढायची गरज नसते, तरी लोक काढत बसतात.

खाण्याचं बघा. लेकराला आडवं धरून पातळ पाणीदार वरण ओतणं थांबवा. सरळ बसवून, मान किंचित पुढे, आई समोर, छोटा चमचा, खिमटी जरा घट्ट, एक घास गिळल्यावर दुसरा. खाताना खोकला, गळ्यात घरघर, डोळ्यांत पाणी, वारंवार न्यूमोनिया, असं काही असेल तर अन्न श्वासनलिकेत जात असू शकतं, ते डॉक्टरला सांगा. वजन दर महिन्याला अंगणवाडीत करून घ्या. ही लेकरं ताठरपणात आणि खाण्यातच दमतात, वजन वाढत नाही, तेव्हा खिमटीत तूप, शेंगदाण्याचं बारीक कूट घालायला कमी करू नका. पोट साफ होत नसेल तर ताठरपणाही वाढतो, दुखलं की वाढतो, दात किडला की वाढतो. लेकरू अचानक जास्त ताठ झालं की आधी दुखतंय कुठं ते शोधा.

कान आणि डोळे तपासून घ्या, दोन्ही. न ऐकणाऱ्या लेकराला आपण कळत नाही म्हणून सोडून देतो.

एक मुलगी सांगते. नऊ वर्षांची होती, जन्मल्यावर कावीळ झाली होती तिला, लाइटखाली ठेवायला उशीर झाला. त्या काविळीने मेंदूतला हालचाल आवरणारा भाग दुखावतो, अंग पिळवटल्यासारखं होतं, हात भलतीकडं जातात, बोलता येत नाही, आणि बुद्धी मात्र पुष्कळदा शाबूत असते. घरचे म्हणाले, "मॅडम, तिला काईच कळंना, नुसती हसती." मी तिच्या समोर बसले आणि म्हटलं, हो असेल तर वर आढ्याकडं बघ. तुझा भाऊ शाळेत जातो का. वर बघितलं. तुला जायचंय का. वर बघितलं आणि खाली आणलेच नाहीत डोळे. आई तिथंच खाली बसली. नऊ वर्षं ती सगळं ऐकत होती, तिच्यापुढंच लोक बोलत होते की हिचं आता काय करायचं. नंतर एका पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवून दिली, पाणी, शी, भूक, दुखतंय, बाहेर, टीव्ही, नको. नको हे चित्र तिने सगळ्यात जास्त वापरलं. तुमच्या भाच्याशी आत्तापासून बोला, त्याच्या उत्तरासाठी थांबा, मनात दहापर्यंत मोजा, त्याला वेळ लागतो.

औषधांचं थोडक्यात. साधारण चारातल्या एका लेकराला आकडी येते, तिची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना. ताठरपणासाठी बॅक्लोफेन देतात, तेही अचानक तोडायचं नाही. स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन पोटरीत देतात, त्याचा असर तीन-चार महिने राहतो, आणि त्या महिन्यांत स्प्लिंट आणि सराव केला तरच ते कामी येतं. नुसतं इंजेक्शन घेऊन घरी बसलं तर वाया.

कागदपत्रं. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणजे लवकर उपचाराचं केंद्र असतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, तपासणी, थेरपी, पुढे पाठवणं हे तिथं फुकट आहे, परभणीला आधी तिथं जा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सेरेब्रल पाल्सी नावानिशी आहे, चाळीस टक्के आणि वर असेल तर बहुतेक सवलती लागू होतात, त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं सरकारी ओळखपत्र, काढा. निरामय म्हणून केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात ओपीडी आणि थेरपीही येते, ती फार थोड्यांना माहीत असते. सहा ते अठरा वयात जवळच्या शाळेत फुकट शिकायचा हक्क आहे, हेडमास्तर नाही म्हणाले तर गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात त्यांना गाठा. मुंबईत १९७० च्या दशकात मिथू अलूर यांनी अशा लेकरांची शाळा सुरू केली, त्यांची मुलगी मालिनी चिब यांना स्वतःला सेरेब्रल पाल्सी आहे, त्या पुढे परदेशात जाऊन एम.ए. झाल्या, नोकरी केली. तुमच्या भाच्याचं तसंच होईल असं मी म्हणत नाही, पण शाळेचं नाव आत्तापासून घरात निघायला हवं.

आणि बहीण. ती रात्री किती झोपते ते विचारा. वीस महिन्यांचं लेकरू कडेवर घेऊन तिची पाठ आत्ताच धरलेली असणार, तो सहा वर्षांचा झाल्यावर ती उचलू शकणार नाही. दाजींना खाऊ घालायला शिकवा, सासूबाईंनाही शिकवा, ज्यांना ग्रहणाचं वाटतं त्यांच्याच मांडीवर लेकरू द्या आणि चमचा हातात द्या, माझ्याकडं अशा दोन-तीन आज्या आहेत, आता त्याच सगळ्यात नियमाने येतात.

परभणीला जाल तेव्हा अतिदक्षता विभागाचं डिस्चार्ज कार्ड, एमआरआयची प्लेट नव्हे तर रिपोर्ट, लसीकरणाचं कार्ड आणि लेकरू खाताना, बसताना, कडेवर असतानाचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ घेऊन जा, तिथं नव्या जागी ते रडतं आणि काहीच करून दाखवत नाही. खुर्चीसाठी माप घरीच घ्या: ढुंगणापासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत, त्यातून दोन बोटं वजा, ती बसायच्या फळीची लांबी. गुडघ्यापासून टाचेपर्यंत, ती पायाच्या पाटीची उंची, स्प्लिंट घालत असेल तर घालून मोजा. कमरेची रुंदी, त्यात दोन्हीकडं एकेक बोट जास्त. माप टाका इथं, मी बघून सांगते.